मेंढीच्या रक्तातली मोजणी

१९६३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात पिट्सबर्ग विद्यापीठातल्या नील्स येर्ने आणि आल्बर्ट नॉर्डिन यांनी एक छोटा लेख छापला. त्यातली कृती चार वाक्यांत सांगता येते. उंदराला मेंढीच्या तांबड्या रक्तपेशी टोचायच्या. चारेक दिवसांनी त्याची प्लीहा काढून तिच्यातल्या पेशी सुट्या करायच्या आणि त्या मेंढीच्या ताज्या तांबड्या पेशींबरोबर कोमट, पातळ अगरमध्ये मिसळून बशीत पातळ थर ओतायचा. अगर थिजल्यावर बशी तासभर शरीराइतक्या उबेत ठेवायची आणि मग तिच्यावर गिनिपिगचे ताजे सीरम सोडायचे. थोड्या वेळाने लालसर, गढूळ थरात जागोजाग बारीक स्वच्छ वर्तुळे उमटतात, आणि भिंगाखाली पाहिले तर प्रत्येक वर्तुळाच्या मधोमध बहुधा एकच पांढरी पेशी बसलेली असते. ती पेशी मेंढीच्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडे सोडत असते. प्रतिपिंडे आजूबाजूच्या तांबड्या पेशींना चिकटतात, गिनिपिगच्या सीरममधले कॉम्प्लिमेंट नावाचे प्रथिनसमूह त्या पेशींना भोके पाडतात, त्यांतले हिमोग्लोबिन वाहून जाते आणि लाल थरात खिडकी उघडते. प्रयोगशाळांत या खिडकीला प्लाक म्हणतात. प्लाक मोजले की प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशी मोजल्या गेल्या.

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ विचारू नये, असे आपल्याकडे म्हणतात. तंत्राचे कूळ मात्र विचारावे, कारण तिथे हमखास काहीतरी अडचणीचे सापडते. इथली अडचण अशी की या कृतीतली एकही वस्तू १९६३ साली नवी नव्हती. एका जातीच्या प्राण्याला दुसऱ्या जातीच्या तांबड्या पेशी टोचल्या की त्याचे सीरम त्या पेशी विरघळवू लागते, हे ज्यूल बोर्डेने १८९८ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत दाखवले होते. या कामाला दोन घटक लागतात, एक उष्णता सोसणारा आणि एक ५५ अंशांवर नासणारा, हेही त्यानेच उलगडले. त्यातला नासणारा घटक म्हणजे कॉम्प्लिमेंट. मेंढीच्या तांबड्या पेशी तर १९०६ पासून, बर्लिनमध्ये वासरमानने उपदंशाची चाचणी बांधली तेव्हापासून, जगभरच्या रोगनिदानाच्या प्रयोगशाळांत दर आठवड्याला येत होत्या. अगर त्याहून जुने. कोखच्या प्रयोगशाळेत ते फॅनी हेसेच्या सूचनेवरून १८८० च्या दशकातच आले होते. थरात पडलेली स्वच्छ भोके मोजून अदृश्य गोष्टींची संख्या काढायची युक्तीही फेलिक्स देरेलने जिवाणुभक्षक विषाणूंसाठी १९१७ च्या सुमारास रूढ केली होती. म्हणजे मेंढी, गिनिपिग, अगर आणि भोके मोजण्याची रीत हे सगळे पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस हाताशी होते. तरीही मोजणी व्हायला आणखी पंचेचाळीस वर्षे लागली. हा उशीर समजला की कुळकथेचा निम्मा भाग समजतो.

माझे म्हणणे असे की सामग्री होती, पण प्रश्न नव्हता. प्रतिपिंडांचे शास्त्र जन्मले ते बाटलीवरच्या चिठ्ठीसाठी. १८९७ मध्ये पाउल एर्लिखने घटसर्पाच्या प्रतिविषाचे एकक ठरवून दिले, कारण घोड्याच्या एका बाटलीतले सीरम मुलाला वाचवत होते आणि दुसऱ्या बाटलीतले नुसतेच पाणचट निघत होते. तेव्हापासून या शास्त्राला एकच सवाल विचारायची सवय लागली: या द्रवात किती आहे? सीरम दुप्पट, चौपट, आठपट पातळ करत जायचे आणि कुठवर परिणाम टिकतो ते पाहायचे. त्यातून येणारा आकडा म्हणजे टायटर. तो औषधासाठी पुरेसा आहे. पण प्रतिपिंडे रक्तात साचून राहतात, त्यांतली काही आठवडेच्या आठवडे टिकतात, आणि आजचा टायटर हा गेल्या पंधरवड्याची सगळी बेरीज-वजाबाकी एका आकड्यात सांगतो. विहिरीतल्या पाण्याची पातळी पाहून आत झरे किती आणि त्यांतले कोणते आज वाहताहेत, हे ओळखता येत नाही. थोड्या पेशी भरपूर माल काढत आहेत, की भरपूर पेशी थोडाथोडा, हा फरक टायटरला दिसतच नाही. गंमत म्हणजे हा सवाल बदलणारा येर्ने स्वतः याच बाटल्यांच्या कारखान्यात वाढलेला होता. कोपनहेगनच्या सरकारी सीरम संस्थेत जैविक मानके ठरवणाऱ्या विभागात त्याने उमेदीची वर्षे काढली आणि पुढे जिनिव्हात जागतिक आरोग्य संघटनेतही तो मानकांचेच काम बघत होता.

पेशींकडे लक्ष वळायलाही वेळ लागला. प्रतिपिंडे नेमकी कोणती पेशी बनवते याविषयी चाळिशीच्या दशकापर्यंत मतभेद होते. स्टॉकहोममध्ये आस्ट्रिड फागरेउसने १९४८ च्या प्रबंधात प्लाझ्मा पेशींकडे बोट दाखवले. हार्वर्डमध्ये आल्बर्ट कून्सने चमकणारे रंगद्रव्य प्रतिपिंडांना जोडून सूक्ष्मदर्शकाखाली वस्तू ओळखायची रीत काढली होती; तिच्याच साहाय्याने १९५५ मध्ये प्लाझ्मा पेशींच्या पोटात प्रतिपिंड प्रत्यक्ष दिसले. तरी ‘किती पेशी?’ या प्रश्नाला खरे वजन आले ते मॅकफार्लन बर्नेटने १९५७ मध्ये कृंतक-निवडीची कल्पना मांडल्यावर. प्रत्येक पेशी जन्मतः एकाच प्रकारचे प्रतिपिंड बनवायला बांधलेली असते, आणि बाहेरून आलेला पदार्थ फक्त आपल्या जोडीच्या पेशी निवडून त्यांची वीण वाढवतो, असे त्याचे म्हणणे. याआधी १९५५ मध्ये येर्नेनेच निवडीचा सिद्धांत मांडला होता, पण त्यात निवड पेशींची नसून आधीच फिरणाऱ्या प्रतिपिंडांची होती. बर्नेटने निवडीचा मान पेशीला दिला. निवड पेशींचीच होत असेल, तर लस टोचल्यावर त्या संख्येने वाढल्या पाहिजेत. आणि वाढतात की नाही हे मोजल्याशिवाय कसे कळणार? सिद्धांताने मोजणीची गरज निर्माण केली, ही या कुळातली पहिली महत्त्वाची सोयरीक.

इथे कोणी आक्षेप घेईल की एकेकट्या पेशीचा हिशेब येर्नेच्या आधीच झाला होता. तो बरोबर आहे. मेलबर्नमध्ये १९५७-५८ मध्ये गुस्ताव नॉसल आणि जोशुआ लेडरबर्ग यांनी उंदरांना दोन प्रकारचे साल्मोनेला टोचून त्यांच्या पेशी तेलाखालच्या सूक्ष्म थेंबांत एकेक करून बंद केल्या. मग थेंबात जिवंत, वळवळणारे जिवाणू सोडले. पेशी प्रतिपिंड काढत असेल तर जिवाणूंची वळवळ थांबते. ४५६ पेशी तपासल्या, त्यांपैकी ६२ पेशींनी जिवाणू थांबवले आणि दोन्ही प्रकारांना थांबवणारी एकही सापडली नाही. बर्नेटच्या बाजूने हा फार मोठा पुरावा होता आणि हातकसब तर थक्क करणारे. पण हा खटला सिद्ध करणारा साक्षीदार होता, खानेसुमारी नव्हे. प्लीहेत दहा कोटींच्या घरात पेशी असतात. त्या थेंबाथेंबाने तपासायच्या तर एका उंदराला आयुष्य पुरणार नाही. शिवाय कोणती पेशी थेंबात घ्यायची हे आधीच ठरवावे लागे. येर्ने-नॉर्डिनच्या बशीत दहा लाख पेशी एकदम ओतल्या जातात आणि त्यांतल्या कामाच्या पेशी आपणहून हात वर करतात. निवड पेशी स्वतः करते, संशोधक फक्त मोजतो. पुरावा देणारे तंत्र आणि मोजणी देणारे तंत्र यांतला फरक मला इतका मूलभूत वाटतो की कुळाचा मूळपुरुष ठरवताना मी तो ओलांडणार नाही.

ही नजर येर्नेला कुठून मिळाली याचा माग काढणे कठीण नाही. कोपनहेगनमध्ये त्याने जिवाणुभक्षक विषाणू आणि त्यांना निष्प्रभ करणारी सीरमे यांवर बरीच वर्षे काम केले होते आणि १९५४-५५ मध्ये तो कॅलिफोर्नियात माक्स डेलब्रुकच्या गोटात होता. त्या गोटातला प्रत्येक जण बशीवरची भोके मोजूनच लहानाचा मोठा झालेला. तिथे एक कण म्हणजे एक भोक, हा पहिला पाठ. १९५२ मध्ये रेनातो दुल्बेकोने तोच पाठ प्राण्यांच्या विषाणूंना लागू केला होता. येर्नेने तो पेशींना लागू केला. पण एक मोठा बदल करून. विषाणूचे भोक वाढते ते विषाणूची पिल्ले शेजारच्या पेशींवर चढाई करतात म्हणून. प्लीहेतली पेशी तासाभरात वाढत नाही. वाढतो तो तिने सोडलेला माल. म्हणून खरी युक्ती अगरमध्ये आहे: माल पेशीपासून दूर वाहून जाऊ नये, तिच्याच अंगणात अडकावा आणि तिथेच त्याचा परिणाम दिसावा. या कुळाचे लक्षण मला विचाराल तर ते हेच आहे. रक्त बदलले, अगर गेले, रंग आले. हे लक्षण टिकले.

जोसेफ इन्ग्रॅहॅम आणि आलँ ब्यूसार यांनीही जवळजवळ त्याच सुमारास, अगरऐवजी सेल्युलोजच्या एका डिंकाळ द्रवात, स्वतंत्रपणे हेच साधले. त्यांचा सविस्तर लेख १९६४ चा. यामुळे येर्नेचा मान कमी होतो असे काहींना वाटेल. मला उलट वाटते. दोन ठिकाणी एकाच वेळी उगवलेली गोष्ट सांगते की सामग्री केव्हाचीच तयार होती आणि बर्नेटनंतर प्रश्नही हवेत होता.

मोजणी हाती आल्यावर काय झाले, तिथे खरी श्रीमंती आहे. ज्या उंदराला कधी मेंढीचे रक्त टोचलेले नाही, त्याच्याही प्लीहेत थोड्या पेशी प्लाक पाडतात. सहसा काही डझन ते काही शे. रक्त टोचल्यावर पहिला दिवस जवळपास शांत जातो, मग आकडा चढू लागतो आणि चौथ्या-पाचव्या दिवशी लाखाच्या घरात पोचतो. तिथून तो तितक्याच झपाट्याने उतरतो, टायटर मात्र अजून वर असतो. वाढीच्या रेषेवरून पेशी किती तासांत दुप्पट होतात याचा अंदाज बांधता येऊ लागला. मग १९६७ मध्ये मिशेल आणि डटन यांनी प्लीहेच्या पेशी शरीराबाहेर, बशीतच प्रतिसाद देतात हे दाखवले. त्यांना ते दाखवता आले कारण उत्तर प्लाकच्या आकड्यात येत होते. १९६८ मध्ये मेलबर्नच्या जॅक मिलर आणि ग्रॅहम मिचेल यांनी थायमस आणि अस्थिमज्जा या दोन्हींकडच्या पेशी एकत्र आल्याशिवाय पुरेसा प्रतिसाद येत नाही हे सिद्ध केले. मग प्रश्न उरला की प्रत्यक्ष प्रतिपिंड काढते कोण. त्याचे उत्तर त्याच गटाने सुंदर रीतीने दिले: प्लाकच्या मधली पेशी बारीक काचनळीने उचलायची आणि तिची गुणसूत्रे पाहायची. गुणसूत्रांवरच्या खुणेवरून ती मज्जेकडची निघाली. आज शाळकरी पुस्तकांतही असणारी टी पेशी आणि बी पेशी ही कामवाटणी या रीतीने पक्की झाली. टायटरच्या आकड्याला मधोमध पेशी नसते. प्लाकला असते, आणि ती उचलता येते.

१९७५ मध्ये केंब्रिजला जॉर्जेस कोहलर आणि सेझार मिलस्टीन यांनी प्रतिपिंड काढणारी उंदराची पेशी आणि अमर वाढणारी कर्करोगाची पेशी एकमेकींत मिसळून संकरित पेशी बनवल्या. या संकरातून एकाच साच्याचे प्रतिपिंड हवे तितके मिळू लागले आणि आजची कितीतरी औषधे, चाचण्या त्यावर उभ्या आहेत. या प्रयोगासाठी त्यांनी उंदराला काय टोचले? मेंढीच्या तांबड्या पेशी. त्या कुठल्याही रोगाला उपयोगी नाहीत. पण हजारो संकरित पेशींतून कामाची शोधायची तर झटपट चाचणी हवी, आणि येर्नेची बशी तयार होती. कोहलरने डॉक्टरेट केली ती बाझेलच्या रोगप्रतिकारशास्त्र संस्थेत, जिचा संचालक १९६९ पासून येर्नेच होता. १९८४ चे नोबेल या तिघांना मिळून दिले गेले. येर्नेला ते त्याच्या सिद्धांतांसाठी मिळाले. बशीचा उल्लेख त्या मानाने दबलेलाच राहिला. तंत्र शोधणाऱ्यांच्या नशिबी बहुधा हेच येते.

आता मोठा आक्षेप. ही बशी खरेच ‘प्रतिपिंड बनवणाऱ्या पेशी’ मोजते का? काटेकोर उत्तर: नाही, ती मेंढीच्या पेशी फोडू शकणारे प्रतिपिंड काढणाऱ्या पेशी मोजते. आयजीएम जातीचा पाच हातांचा एकच रेणू कॉम्प्लिमेंटला कामाला लावतो. आयजीजी जातीचे मात्र रेणू शेजारीशेजारी पडावे लागतात आणि त्यासाठी तांबड्या पेशीवर त्यांची गर्दीच असावी लागते. त्यामुळे मूळ चाचणीत आयजीजीवाल्या पेशी जवळजवळ आंधळ्या ठिपक्यात राहिल्या आणि दुसऱ्यांदा टोचल्यानंतरचा मोठा प्रतिसाद आकड्यांत बारीक दिसू लागला. १९६५ मध्ये लंडनमध्ये ड्रेसर आणि वॉर्टिस यांनी, आणि प्रागमध्ये श्टेर्झल आणि र्झिहा यांनी, प्रतिपिंडाविरुद्धचे प्रतिपिंड वरून ओतून ही उणीव भरून काढली. मग थेट आणि अप्रत्यक्ष अशा दोन मोजण्या शेजारीशेजारी चालू लागल्या. अगरलाही स्वतःची खोड होती. ते कॉम्प्लिमेंटला मारक ठरते, म्हणून त्यात डीईएई-डेक्स्ट्रान घालावे लागे. आणि गिनिपिगचे सीरम आधी मेंढीच्या पेशींत बुडवून त्यातली उपद्रवी प्रतिपिंडे काढून टाकावी लागत. काही प्रयोगशाळा तर एकाच ठरावीक मेंढीचे रक्त घेत, कारण मेंढी बदलली की आकडे बदलत. अ‍ॅलिस्टर कनिंगहॅमने पुढे अगरच काढून टाकले: दोन काचपट्ट्या कडेने चिकटपट्टी लावून जोडायच्या, मधल्या फटीत पेशींचा एकपदरी थर भरायचा आणि मेणाने सांधा बंद करायचा. या ‘कनिंगहॅम कक्षा’त भोके ठळक दिसतात. तरीही मेंढीशिवाय अन्य पदार्थ तपासायचा तर तो तांबड्या पेशींवर चिकटवावा लागे आणि पुष्कळ प्रथिने नीट चिकटत नसत. आक्षेप इतका खरा आहे की त्यानेच पुढचे पाऊल टाकले.

१९८३ मध्ये ते पाऊल दोन ठिकाणी पडले: स्वीडनमध्ये गॉथेनबर्गला सेसिल चेरकिन्स्की, लार्स-ओके निल्सन, हाकान न्यूग्रेन, एर्यान ओक्टरलोनी आणि आंद्रे टार्कोव्स्की, आणि ऑस्ट्रेलियात पर्थला सेजविक आणि होल्ट. त्यांनी हवा तो प्रतिजन, म्हणजे ज्याविरुद्ध प्रतिपिंड बनते तो पदार्थ, प्लास्टिकच्या तळाशी चिकटवला, वर पेशी ठेवल्या आणि काही तास अजिबात न हलवता सोडून दिले. पेशीने सोडलेले प्रतिपिंड तिच्याच खाली तळाला पकडले जाते. मग पेशी धुऊन टाकायच्या आणि एन्झाइम जोडलेले दुसरे प्रतिपिंड घालून रंग उठवायचा. जिथे पेशी होती तिथे रंगीत ठिपका. १९७१ च्या एलायझा चाचणीचा हा भाऊबंद असल्याने त्याचे नाव एलिस्पॉट पडले. इथे इतिहासकार म्हणेल: ना रक्त, ना कॉम्प्लिमेंट, ना अगर, मग हा येर्नेचा वंशज कसा? रसायन पाहिले तर हा आक्षेप टिकतो. पण प्रश्न तोच आहे आणि युक्तीही तीच: माल वाहू द्यायचा नाही, पेशीच्या पायाशीच पकडायचा. गॉथेनबर्गच्या लेखात ओक्टरलोनीचे नाव असणे मला योगायोग वाटत नाही. प्रतिपिंड आणि प्रतिजन यांना जेलमध्ये एकमेकांकडे झिरपू देऊन जिथे भेटतील तिथे रेषा पाहायची, हे त्याचे आधीचे गाजलेले काम, आणि झिरपण्याच्या वाटेवर पकडणे हाच दोन्हींचा गाभा.

हाच निकष लावून कोण या कुळात नाही, तेही सांगता येते. पेशीभोवती तांबड्या पेशी गुलाबासारख्या चिकटणारी ‘रोझेट’ चाचणी साठच्या दशकात प्रचलित होती; लेओनार्ड हर्झनबर्गच्या यंत्राने रंगीत खुणेवरून पेशी वेगळ्या काढायची सोय सत्तरच्या दशकात आली. दोन्ही उपयोगी, दुसरी तर अत्यंत. पण त्या पेशीच्या अंगावर काय आहे ते सांगतात, ती काय सोडते आहे ते नव्हे. शस्त्र बाळगणे आणि चालवणे यांत फरक आहे, आणि सोडण्याची खात्री सोडलेला माल पाहिल्याशिवाय होत नाही. हे भेद गौण आहेत असे म्हणणाऱ्यांना एवढेच उत्तर की प्लाक पाडणाऱ्या आणि प्रतिजन नुसता चिकटवणाऱ्या पेशींच्या संख्या एकाच प्लीहेत जुळत नाहीत.

एलिस्पॉटमुळे ही मोजणी माणसाकडे आली. लस घेतल्यावर किंवा संसर्गानंतर साधारण सहाव्या ते नवव्या दिवसाच्या दरम्यान प्रतिपिंड काढणाऱ्या पेशी रक्तातून जात असताना सापडतात आणि लवकरच रक्तातून दिसेनाशा होतात, हे या ठिपक्यांवरून कळले. तोंडाने घेतलेल्या लसींचा परिणाम तपासताना तर ही वेळ साधणे महत्त्वाचे ठरले. १९८८ मध्ये चेरकिन्स्कीच्या गटाने याच ठिपक्यांची रीत इंटरफेरॉन सोडणाऱ्या टी पेशींसाठी वापरली आणि त्यातून पुढे क्षयरोगाच्या संसर्गाची रक्तचाचणी निघाली. ऑक्सफर्डच्या अजित लालवाणी यांनी ती विकसित केली. ठिपक्याची किमान मर्यादा कुठे ठेवायची, दोन ठिपके एकमेकांत मिसळले तर काय, यंत्र मोजणार की माणूस, हे वाद अजून चालू आहेत आणि त्यांना शेवट नाही. आकडा मोजणाऱ्याच्या चष्म्यावर अवलंबून असतो, ही तक्रार खरी. पण एकाच चष्म्यातून लस घेतलेला आणि न घेतलेला अशी तुलना केली की ती बरीचशी विझते.

इकडे मेंढीची जुनी बशीही निवृत्त झाली नव्हती. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९८ मध्ये कीटकनाशकांचा रोगप्रतिकारशक्तीवरचा परिणाम तपासण्याची मार्गदर्शिका काढली. तीत उंदरांना रसायन खाऊ घालून मेंढीच्या तांबड्या पेशी टोचायला सांगितले आहे, आणि प्रतिसाद प्लाक मोजून घ्या किंवा सीरममधल्या प्रतिपिंडांचे प्रमाण एलायझाने काढा, असा पर्याय दिला आहे.